उभी राहिली की बिघडली

ब्रिटिश लष्कराच्या जुन्या दुरुस्ती-पुस्तकांत कामाची वाटणी पक्की असते. तेलपाणी, ग्रीस, टायरची हवा गाडीवरच्या जवानांनी बघायची. ब्रेक, प्लग, कार्बोरेटर हे तुकडीच्या फिटरचं काम. त्यापुढचं काही निघालं, तर तो अख्खा भाग उतरवायचा, मागच्या मोठ्या वर्कशॉपला धाडायचा आणि बदली मागवायचा. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सदैव सबंध सैन्य असतं : गोदामं, क्रेन, पगारी कारागीर. आज तीच गाडी कुणाच्या तरी घरामागच्या शेडमध्ये असते. पुस्तक तेच आहे. पण जवान, फिटर, वर्कशॉप आणि गोदाम या चारही जागा एकटा मालक सांभाळतो, आणि त्यालाही वेळ सापडतो तो शनिवार-रविवारी.

जुन्या चिलखती गाड्या पाळण्याचा हा छंद इंग्लंडमध्ये चांगलाच रुजला. लष्करी गाड्या जपणाऱ्यांची संघटना तिथे १९६८ मध्ये निघाली. तीच पुढे मिलिटरी व्हेइकल ट्रस्ट झाली. अमेरिकेतली तशीच संघटना १९७६ ची. इंग्लंडात छंद फोफावायला कारणंही होती. महायुद्धानंतर, आणि पुन्हा शीतयुद्ध ओसरल्यावर, लष्कराने गाड्या ढिगाने विकायला काढल्या. शस्त्रं निकामी केली, नोंदणी केली, तर अशी गाडी रस्त्यावर आणायला कायद्याची आडकाठी नव्हती. आणि कारखान्यांत आयुष्य काढलेले, घरच्या गॅरेजात लेथ मशीन बाळगून असलेले लोक त्या देशात पुष्कळ होते.

रणगाड्यापासून सुरुवात करणारे थोडेच. बहुतेकांचा हात पहिल्यांदा बसतो तो चाकांच्या गाडीवर, आणि तिथे डेमलर कंपनीच्या 'फेरेट'ला तोड नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या 'डिंगो' या छोट्या टेहळणी गाडीची ही धाकटी बहीण. कॉव्हेंट्रीत १९५२ ते १९७१ या काळात ४,४०९ फेरेट तयार झाल्या आणि जगभरच्या सैन्यांत गेल्या; भारतीय सैन्यातही होत्या. वजन सुमारे चार टन, चिलखताची जाडी ६ ते १६ मिलिमीटर, वेग ताशी ९३ किलोमीटर. पेट्रोलची टाकी ९६ लिटरची आणि एका टाकीत तीनशेच्या आसपास किलोमीटर, म्हणजे लिटरला जेमतेम तीन. पण ती मोटारीच्या गॅरेजात मावते आणि तिची किंमत नोकरदार माणसाच्या आटोक्यात राहते. रणगाड्याबद्दल या दोन्ही गोष्टी म्हणता येत नाहीत.

फेरेटचं इंजिन रोल्स-रॉइसचं, 'बी ६०', सहा सिलिंडरचं, सव्वाचार लिटरचं. युद्धात ब्रिटिश लष्कराच्या गाड्यांत इतक्या तऱ्हेची इंजिनं होती की सुटे भाग पुरवणाऱ्यांची पुरती दमछाक झाली. त्यातून शहाणं होऊन युद्धानंतर एकच कुटुंब ठरवलं गेलं : चार सिलिंडरचं बी ४०, सहाचं बी ६०, आठाचं बी ८०. पिस्टनपासून झडपांपर्यंत बरेच भाग एकमेकांना चालावेत असा बेत होता. 'चॅम्प' नावाच्या जीपमध्ये बी ४०, फेरेटमध्ये बी ६०, 'सॅरसेन' आणि 'सॅलडिन' या सहा चाकी गाड्यांत बी ८०. लष्कराने स्वतःच्या सोयीसाठी केलेली ही शिस्त सत्तर वर्षांनी छंदिष्टांच्या कामी येते आहे. एका गाडीच्या भंगारातून दुसरीचं इंजिन उभं राहतं.

या गाडीची खरी गंमत, आणि खरी डोकेदुखीही, इंजिनात नाही. चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या यंत्रणेत आहे. साध्या चारचाकीत मधोमध शाफ्ट आणि आडवे अ‍ॅक्सल असतात. फेरेटमध्ये ते नाहीत. मधल्या एकाच डिफरन्शियलमधून ताकद डावी-उजवी वाटली जाते आणि मग दोन्ही कडांनी, पुढे-मागे, चार शाफ्ट निघून प्रत्येक चाकाजवळच्या बेव्हल गिअरच्या डब्यात शिरतात. वरून पाहिलं तर आराखडा इंग्रजी 'एच' अक्षरासारखा दिसतो. फायदा उघड आहे : मधली जागा मोकळी राहते, चालक अगदी खाली बसतो आणि गाडीची उंची माणसाच्या उंचीच्या थोडीच वर जाते. टेहळणी करणाऱ्याला याहून मोठं चिलखत कुठलं?

तोटा कळायला मात्र गाडी डांबरी रस्त्यावर आणावी लागते. एका बाजूचं पुढचं आणि मागचं चाक एकमेकांना जखडलेलं असतं. दोघांनी सारख्याच फेऱ्या घ्यायच्या. वळणावर पुढचं चाक मोठ्या वर्तुळावरून जातं, मागचं लहान. चिखलात किंवा वाळूत टायर किंचित घसरतं आणि हिशेब मिटतो. डांबरावर टायर घसरत नाही, मग तो फरक पीळ होऊन शाफ्टमध्ये आणि गिअरच्या दात्यांत साठत जातो. पुढचं टायर नवं आणि मागचं झिजलेलं असेल तर वळणाचीही गरज नाही. सरळ रस्त्यावरच पीळ चढत राहतो. बेव्हल बॉक्स तापतात, गाडी जड वाटू लागते आणि दुर्लक्ष केलं तर एखाद्या दिवशी आत काहीतरी तुटतं. सॅरसेनसारख्या सहा चाकी गाड्यांत हे दुखणं आणखी वाढतं. म्हणून फेरेटचे मालक चारही टायर एका मापाचे ठेवायला धडपडतात, लांबच्या प्रवासात मुद्दाम रस्त्याकडेच्या खडीवरून किंवा गवतावरून गाडी नेतात आणि थांबलं की सर्वांत आधी खाली वाकून चाकांजवळच्या डब्यांना हात लावून बघतात. बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी सांडलंय.

गिअरबॉक्सची तऱ्हा वेगळी. फेरेटला क्लच नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेलं फ्लायव्हील असतं, आणि गिअर 'आधी निवडायचा, मग घालायचा' अशी पद्धत. लिव्हर हव्या त्या गिअरवर ठेवली तरी लगेच काही होत नाही. डाव्या पायाचं पेडल दाबून सोडलं की आतला पोलादी पट्टा फिरता ड्रम करकचून धरतो आणि गिअर पडतो. लंडनच्या जुन्या 'आरटी' दुमजली बसमध्येही याच जातीची गिअरबॉक्स होती. असे पाच गिअर, आणि दिशा बदलणारा दांडा वेगळा असल्याने हे पाचही गिअर उलटे जातानाही मिळतात. शत्रू दिसताच वळण्यात वेळ न घालवता तोंड तिकडेच ठेवून भरधाव मागे पळता यावं, म्हणून ही सोय.

पण पट्टे झिजलेले असले, किंवा चालकाने पेडल अर्धवटच दाबलं, तर आतली जाड स्प्रिंग ते पेडल अशा जोराने मागे फेकते की घोटा सुजतोच. शिवाय ते पेडल नेहमीच्या जागेच्याही बाहेर येऊन बसतं आणि परत आत घालायला पाठ टेकवून दोन्ही पायांनी रेटा द्यावा लागतो. चौकात, मागे मोटारींची रांग लागलेली असताना. अशा गाडीच्या मालकांत एक अलिखित नियम असतो : नवख्याला चालवायला देण्याआधी ते पेडल दाखवायचं, स्टिअरिंग नंतर. स्टिअरिंगही नेहमीच्या उलट कललेलं असतंच, पण ते पाय मोडत नाही.

आता या प्रकरणाच्या शीर्षकाकडे येतो. इतकं सगळं नाजूक आणि गुंतागुंतीचं असूनही फेरेट वापरात असेपर्यंत धडधाकट राहते. बिघाड सुरू होतो तो ती उभी राहिली की.

पहिला शत्रू पाणी. चिलखती गाडीचा सांगाडा म्हणजे वेल्डिंग केलेली बंद पेटी. नाल्यातून जाताना पाणी आत येऊ नये म्हणून केलेली ही पेटी झाकणांच्या फटीतून आलेलं पावसाचं पाणीही तितक्याच निष्ठेने आत धरून ठेवते. तळाला पाणी सोडायची भोकं आणि त्यांचे बूच असतात. पण ते बूच तेलाच्या राड्याखाली पुरलेले असतात. गाडी विकत घेणाऱ्या जाणकाराचं पहिलं काम म्हणजे इंजिन चालू करणं नव्हे, टॉर्च घेऊन तळ बघणं. तेलाचा थर असेल तर तो खूशच होतो, कारण तेलाखालचा पत्रा शाबूत असतो. स्वच्छ, कोरडा, नुकताच रंगवलेला तळ दिसला तर त्याला शंका येते.

दुसरा शत्रू रबर. फिरत्या शाफ्टभोवतीचे सील तेलात भिजलेले असतात तोवर मऊ राहतात. गाडी दोन वर्षं हलली नाही की सुकतात, तडकतात आणि पहिल्याच फेरीनंतर जमिनीवर तेलाचं थारोळं. ब्रेकचं तेल आणखी फसवं. काही लष्करी गाड्यांच्या ब्रेकमध्ये खनिज तेल लागतं, काहींत मोटारींचं नेहमीचं ब्रेक ऑइल. एकाच्या जागी दुसरं ओतलं की सील फुगतात आणि ब्रेक जाम होतात, तेही लगेच नाही, काही आठवड्यांनी, उतारावर. त्यात २०२१ पासून ब्रिटनमधल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. बी ६० हे हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर चालायला बनवलेलं, कमी दाबाचं इंजिन. त्याला इथेनॉल पचतं, पण पेट्रोल पंपाचा जुना पडदा आणि नळ्या मात्र मऊ होऊन गळू लागतात. आपल्याकडच्या जुन्या मोटारसायकलवाल्यांना हे दुखणं नव्याने सांगायला नको.

म्हणून गाडी अधूनमधून फिरवावी हे सगळेच जाणतात, पण तिथेही एक चूक सर्रास होते. थंडीत शेडमध्येच दहा मिनिटं इंजिन चालू करून 'फिरवलं' असं समाधान मानायचं. एवढ्याशा वेळात तेल पुरतं तापत नाही, जळणातून तयार झालेली वाफ आतच पाणी होऊन बसते, आणि गिअर, हब, बेव्हल बॉक्स तर हललेलेच नसतात. त्यापेक्षा गाडी न छेडलेली बरी. फिरवायची तर तासभर रस्त्यावर काढावी.

पट्ट्यांवर धावणाऱ्या गाड्यांकडे वळलं की सगळे आकडे वाढतात. ब्रिटिश छंदिष्टांत 'एफव्ही ४३२' ही सैनिक वाहून नेणारी पंधरा टनी गाडी लोकप्रिय आहे, कारण तिच्या पट्ट्यांना रबरी गाद्या असतात आणि त्यामुळे रस्ता खरवडला जात नाही. ती चालवायला वेगळा परवाना लागतो. ब्रिटनमध्ये त्याचा वर्ग 'एच'. तिच्यातलं रोल्स-रॉइसचं के ६० इंजिन ऐकून मेकॅनिकही दोनदा विचारतात : सिलिंडर सहा, पिस्टन बारा. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर येतात आणि मधल्या जागेत स्फोट होतो.

अमेरिकन शर्मन रणगाड्याच्या काही प्रकारांत विमानाचं गोल इंजिन बसवलेलं होतं, सिलिंडर चक्राकार मांडलेले. गाडी उभी राहिली की तेल झिरपत खालच्या सिलिंडरांत साचतं. तेल दाबलं जात नाही. तसंच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यामुळे आधी मागे हँडल लावून इंजिन हाताने सावकाश फिरवून घ्यायचं, हे युद्धातल्या पोरांनाही करावं लागे आणि आजच्या साठीतल्या मालकांनाही चुकत नाही. उभं राहण्याचा दंड इथे रोकडा वसूल होतो. रशियन टी-३४ ची युक्ती याच्या अगदी उलट वृत्तीची. तिच्या पट्ट्याच्या कड्या जोडणाऱ्या पिना आतल्या बाजूला अडकवलेल्याच नसतात. त्या चालता चालता बाहेर सरकतात, आणि सांगाड्यावर वेल्ड केलेला एक तिरका तुकडा दर फेरीला त्यांना ठोकून परत आत घालतो. धावत राहिली तर दुरुस्त, असा हिशेब. मला या दोघींतली टी-३४ जास्त आवडते. जर्मनांच्या टायगरमध्ये आतलं एक चाक बदलायला बाहेरची अनेक चाकं उतरवावी लागत, हे वाचल्यावर तर फारच.

उभं राहणं जमिनीवर जितकं घातक, तितकं पाण्याखाली असेलच असं नाही. पाणी कुठलं यावर ते ठरतं. एस्टोनियातल्या कुर्तना भागातल्या एका तळ्यातून २००० साली टी-३४ रणगाडा ओढून काढला गेला. जर्मनांनी तो रशियनांकडून पकडला होता आणि १९४४ मध्ये माघार घेताना तळ्यात लोटला होता. तळाच्या दलदलीत प्राणवायू जवळपास नाही, त्यामुळे छप्पन्न वर्षांनीही त्यावरची जर्मन चिन्हं वाचता येत होती. याउलट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्लॅप्टन सँड्सजवळ १९४४ च्या सरावांत समुद्रात बुडालेला शर्मन. तिथल्या एका गेस्ट हाउसवाल्याने त्याचा पिच्छा पुरवला, १९७४ मध्ये अमेरिकी सरकारकडून तो पन्नास डॉलरना विकत घेतला आणि १९८४ मध्ये वर काढला. नॉर्मंडीच्या तयारीत त्या किनाऱ्याजवळ बळी गेलेल्या शेकडो अमेरिकी सैनिकांचं स्मारक म्हणून तो आता टॉरक्रॉस गावात आहे. तो कधीही चालणार नाही. समुद्राच्या मिठातले क्लोराइड पोलादात खोल शिरलेले असतात आणि हवा लागताच गंज जोमाने सुरू होतो. छोटी वस्तू असेल तर अल्कलीच्या द्रावणात महिनोन्‌महिने बुडवून मीठ काढता येतं. तीस टनी रणगाड्याला एवढी घंगाळं कुठून आणणार? काळा संरक्षक लेप चढवला गेला, आणि तेच शहाणपणाचं होतं.

चालवायचं की राखायचं, हा वाद या छंदात कधी मिटत नाही. गाडी उभी ठेवली तर आतून मरते. चालवली तर मूळ भाग झिजतात आणि एकेक बदलत जातात. माझं मत सरळ आहे : ज्याच्या हजारो प्रती निघाल्या ते चालवावं, ज्याची एकच उरली ते राखावं. पण बोव्हिंग्टनने हे मत थोडं डळमळीत केलं. डॉर्सेट परगण्यातल्या या टँक म्युझियमकडे 'टायगर १३१' आहे. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांनी पकडलेला हा टायगर १९५१ मध्ये संग्रहालयाला मिळाला. १९९० मध्ये तो दुरुस्तीला घेतला, जवळपास पूर्ण सुटा केला, आणि डिसेंबर २००३ मध्ये तो चालत्या स्थितीत परत आला. तेव्हा चालू शकणारा हा जगातला एकमेव टायगर १. माझ्या नियमाप्रमाणे याला हात लावायला नको होता. पण त्याचं मूळ मायबाख इंजिन फार पूर्वीच प्रदर्शनासाठी उभं कापून टाकलेलं होतं. मग टायगर २ चं इंजिन त्यात बसवलं, आग विझवण्याची आधुनिक यंत्रणा घातली आणि चाललेल्या इंजिनाची झीज धातुशास्त्रज्ञांनी अभ्यासली. मूळ भाग झिजवला जात नाही, उलट माहिती मिळते. वर्षातून मोजकेच दिवस तो रिंगणात फिरतो. २०१४ च्या 'फ्युरी' चित्रपटात दिसतो तो हाच.

रंगाच्या बाबतीत मात्र मी कडवा आहे. जुन्या गाडीवर रंगाचे थर एकावर एक चढलेले असतात. नाण्याएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने तिरकी घासत गेलं की थरांची वर्तुळं उमटतात : वरचा हिरवा, त्याखाली वाळवंटी पिवळा, त्याखाली संयुक्त राष्ट्रसंघाचा पांढरा, एखाद्या कोपऱ्यात तुकडीचं चिन्ह. गाडी कुठे कुठे गेली याची नोंद कागदावर नसते तेव्हा ती इथे सापडते. वाळूचा फवारा मारून सगळं एका दुपारी उडवणारे लोक आहेत. आपल्याकडेही अनेक शहरांच्या चौकांत निवृत्त 'विजयंता' आणि टी-५५ उभे आहेत आणि समारंभाआधी त्यांच्यावर रंगाचा एक हात मारला जातो. अगदी रबरी चाकांवरसुद्धा.

जवळून बघायचं तर मराठी वाचकाने अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचं अहमदनगर, गाठावं. चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने १९९४ मध्ये उभारलेल्या तिथल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार, जपानी हा-गो, सेंच्युरियन, पॅटन असं बरंच काही आहे. चाकांच्या गाडीकडून पट्ट्यांच्या गाडीकडे रचना कशी सरकली ते एका चकरेत कळतं. खाजगी छंद मात्र आपल्याकडे जीपपाशी थांबतो : महायुद्धातल्या विलिस आणि फोर्ड, आणि १९४७ पासून महिंद्रने जुळवलेल्या.

चिलखत, तोफ, दारूगोळा खाजगी हातांत असणं कुठल्याही सरकारला सहज रुचत नाही, आणि युरोपातही सगळीकडे ब्रिटनइतकी मोकळीक नाही. जर्मनीत कीलजवळच्या हाइकेनडॉर्फ गावात २०१५ मध्ये पोलिसांनी एका वृद्धाच्या बंगल्याच्या तळघरातून पँथर रणगाडा, विमानविरोधी तोफ आणि टॉर्पेडो जप्त केला. रणगाडा बाहेर काढायला लष्कराला नऊ तास लागले. १९७८-७९ च्या मोठ्या हिमवर्षावात हा पँथर रस्त्यावर दिसला होता असं गावकरी सांगत. २०२१ मध्ये न्यायालयाने मालकाला अडीच लाख युरो दंड आणि स्थगित कारावास ठोठावला. ब्रिटनमध्ये तोफ कापून, वेल्ड करून निकामी केल्याचा दाखला लागतो. आणि जुनी गाडी उघडताना छुपे धोके वेगळेच : ब्रेकच्या अस्तरांत आणि गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस, अंधारात चमकणाऱ्या जुन्या काट्यांच्या रंगात रेडियम. तबकडीची काच फोडून काटा नखाने खरवडू नये, हे नवख्याला सांगावंच लागतं.

आता या छंदात नव्या पिढीची गाडी येऊ लागली आहे. 'स्कॉर्पियन' आणि 'सिमिटर' या सत्तरच्या दशकातल्या हलक्या पट्टेवाल्या गाड्या. जग्वार मोटारीचं ४.२ लिटरचं इंजिन, वजन आठ टनांच्या आसपास, आणि चिलखत पोलादाचं नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. इंजिनाचे भाग मोटारींच्या दुकानांतून मिळतात आणि तळाला पाणी साचलं म्हणून तो सडत नाही, यावर नवे मालक खूश असतात. पण या मिश्रधातूला दुसरीच खोड आहे : वेल्डिंगजवळ आतला ताण आणि ओलावा एकत्र आले की केसाएवढ्या भेगा पडतात आणि त्या वरून दिसत नाहीत. फेरेटवर तीस वर्षं काढलेले फिटर आता लाल रंगाचं भेगाशोधक द्रव फवारायला शिकताहेत. फवारायचं, पुसायचं, वरून पांढरी पूड उडवायची आणि लाल रेघ उमटते का ते बघायचं. उमटली तर अ‍ॅल्युमिनियम जोडू शकणारा वेल्डर शोधायचा, आणि तो फिटरपेक्षा महाग पडतो.